टाय रॉड घरी बदलायचाय? आधी गंज आणि माप बघा

प्रश्न असा आहे: गुहागरजवळच्या वाडीत दहा-बारा वर्षं जुनी छोटी हॅचबॅक, ९० हजार किलोमीटर झालेले. खड्ड्यात डाव्या पुढच्या चाकाकडून खटखट येते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं, डावा टायर आतल्या कडेने खातोय. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर डावी-उजवी सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी) बदला. नुसता टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) घरी बदलून भागेल का?

बहुतेक वेळा भागतं. प्रत्यक्ष बदलायला तासभर पुरतो. वेळ खातो तो गंज, आणि घोटाळा होतो तो मापात.

आधी दोष नक्की कुठे आहे ते ठरवा. डावं चाक उचला, किल्ली फिरवून स्टेअरिंग लॉक काढा आणि टायर घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. प्ले (सैलपणा) लागला तर टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा), रॅक एंड (आतला, रॅककडचा सांधा) किंवा रॅक. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे प्ले असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंगच. आता गाडी खाली टेकवा, इंजिन बंद ठेवा, एकाने स्टेअरिंग बोटभर इकडेतिकडे हलवायचं आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोट ठेवायचं. सांध्यातली टकटक बोटाला लगेच कळते. तसंच रॅकचा अकॉर्डियनसारखा बूट (रबरी आवरण) चिमटीत दाबून आतला सांधाही बघा. दोन्ही घट्ट असूनही खटखट येत असेल तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड बघा. तिचा आवाज अगदी असाच असतो, पण तिच्यामुळे स्टेअरिंग ढिलं होत नाही.

रॅक खरोखर गेलाय हे कधी मानायचं? दोन्ही सांधे नवे घालूनही प्ले उरला, किंवा बूट फाटून आत पाणी गेलं आणि रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडलेत, तर. रॅकखालचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले काढायच्या फंदात पडू नका. जास्त आवळला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि आंबा किंवा कुंभार्ली घाटात ते महागात पडेल.

आपल्याकडे हे सांधे लवकर का जातात तेही समजून घ्या. सांध्याचं रबर बूट चिरलं की ३००० मिलिमीटरच्या वरचा पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती ग्रीसमध्ये शिरते. ही माती म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. त्यात खारं वारं, पुळणीवर नेलेली गाडी, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीच्या धक्क्यावर उडालेलं खारं पाणी. सांधा आतून झिजतो आणि बाहेरचे आटे गंजतात.

नवा पार्ट घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि पॉवर स्टेअरिंगचा प्रकार दुकानदाराला सांगा. डावा-उजवा एंड पुष्कळ गाड्यांत वेगळा असतो. जोडीने बदललेले बरे, कारण दोन्हींनी सारखेच खड्डे खाल्लेत. सोबत नवा नट आणि नवी स्प्लिट पिन आहे ना ते बघा. जुना पार्ट घेऊन जाऊन आट्यांची जाडी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जुळवलेली उत्तम.

काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी चेक नटाच्या (रॉडवर एंड जागच्या जागी घट्ट धरणाऱ्या नटाच्या) दोन्ही बाजूंचे आटे आणि सांध्याखालचा नट तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा. झोपताना परत मारा, सकाळी परत. खोबरेल किंवा केरोसीन ओतून तेवढा फरक पडत नाही.

जागा सपाट आणि कडक हवी. शेणाने सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घाला. गाडीखाली आधाराला जांभ्याचा चिरा मात्र कधीही लावू नका. जांभा वरून दगड दिसतो, पण एका कडेवर भार आला की फुटतो, आणि फुटायच्या आधी इशारा देत नाही. लोखंडी घोडीच (जॅक स्टँड) हवी, जॅकिंग पॉइंटखाली. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच व्हील नट पाव फेरा ढिले करा.

चाक काढल्यावर डाव्या बाजूसाठी स्टेअरिंग उजवीकडे फिरवा. ज्या गाड्यांत रॅक चाकांच्या मध्यरेषेमागे असतो (बहुतेक छोट्या गाड्यांत असतो) त्यांत यामुळे सांधा बाहेर येतो. आता सगळ्यात आधी चेक नट सैल करा, एंड नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागात) बसलेला असतानाच. एंड आधी सुटला तर पान्याला धरायला काही उरत नाही. रॉडच्या चपट्या भागावर दुसरा पाना धरा, नाहीतर रॉडबरोबर बूटही पिळवटतो. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग उलटा फिरवा. गंजाची पकड अशीच सुटते. आगीने तापवायची वेळ आली तर ते काम गॅरेजला द्या. शेजारी रबर बूट आणि ब्रेकचा होज असतो, आणि बंद सांधा तापला की फुटू शकतो.

चेक नट फक्त पाव फेरा सोडायचा. तो जिथे होता तिथे आट्यांवर नेल पॉलिशची रेघ मारा. नटाच्या कडेपासून बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि लिहून ठेवा.

मग स्प्लिट पिन सरळ करून ओढा. ती तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचने ठोका. नट स्टडच्या (सांध्यातून निघणाऱ्या आटेदार खिळीच्या) टोकाबरोबर येईपर्यंत सोडा, पूर्ण काढू नका. आटे वाचतात आणि सांधा उसळून तोंडावर येत नाही. नट फिरवताना स्टडच गोल फिरायला लागला तर सांधा नटाच्या दिशेने दाबून धरा (नट वरच्या बाजूला असेल तर खालून छोटा जॅक लावून), टेपर म्हणजे स्टडचा निमुळता भाग पुन्हा पकड घेतो. काही स्टडच्या टोकाला अॅलन कीची खाच असते, तिथे धरा.

टेपर सोडवायला पुलर (स्क्रूच्या जोराने स्टड ढकलून काढणारं हत्यार) सर्वांत चांगला. पुलर नसेल तर नकलच्या ज्या कानात स्टड बसतो त्या कानाच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन जोरदार ठोके द्या. स्टडच्या टोकावर ठोकायचं नाही; ते चेपलं की नट निघत नाही. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूला ठेवा, पुलरच वापरा. दोन दातांची पाचर बूट फाडते, त्यामुळे सांधा फेकायचाच असेल तरच ती.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजा, अर्धा फेरासुद्धा. नव्याजुन्याची लांबी शेजारी ठेवून तपासा. सारखी असेल तर फेरे मोजून बसवा, नाहीतर लिहून ठेवलेल्या मापाने. रॉडच्या आट्यांना ग्रीस जरूर लावा, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल. टेपरला मात्र ग्रीसचा थेंबही नको. टेपर कोरड्या घर्षणावर धरतो. ग्रीस लागलं की आवळताना स्टड फिरतो किंवा गरजेपेक्षा आत ओढला जातो. नकलचं भोक फडक्याने पुसा. ते अंडाकृती झालं असेल तर नवा एंड घालूनही उपयोग नाही, नकलच बदलावा लागेल.

छोट्या गाड्यांत सांध्याचा नट साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळायचा असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा: ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर साधारण १५ किलोचा जोर म्हणजे ४५. कॅसल नटाची (कडेला खाचा असलेल्या नटाची) खाच स्टडमधल्या पिनच्या भोकासमोर आली नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. पिन नवीच. तार, खिळा, सेफ्टी पिन असले प्रयोग स्टेअरिंगवर करायचे नाहीत. नायलॉक नटही (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरायचा.

आतला रॅक एंड बदलायचा असेल तर काम एक पायरी वर जातं. बूटची क्लिप काढून तो बाहेर सरकवा. आतून तांबडं पाणी आलं तर गंज रॅकपर्यंत पोचलाय समजा. लॉक वॉशर असेल तर वाकवलेली कड सरळ करा. सांधा सोडताना रॅकचा दांडा दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. नळीसारखं रॅक एंड टूल भाड्याने मिळालं तर घ्या. पाईप पान्याने निघतं, पण बसवताना खुणा पडतात. इथला टॉर्क बहुधा ७० ते १०० च्या दरम्यान, लॉक वॉशर नवा. बूटला केबल टाय बांधून वेळ मारून नेतात. पहिल्याच पावसात पाणी आत जातं. मूळ क्लिपच लावा. बूटच्या अरुंद तोंडाला आतून थोडं ग्रीस लावा, म्हणजे अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) वेळी रॉड फिरला तरी बूट पिळवटत नाही.

आता मापाचं. आट्याचा पिच १.५ मिलिमीटर आणि स्टेअरिंग आर्म (चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून सांध्यापर्यंतचं अंतर) १३० मिलिमीटर धरला तर एंडचा एक पूर्ण फेरा चाकाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त वळवतो. १४ इंची रिमच्या कडेवर तो फरक सुमारे ४ मिलिमीटर होतो, आणि टो-इनची (चाकं पुढून किंचित आत वळलेली असण्याची) मुभा साधारण त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर असते. म्हणजे फेरे कितीही नेमके मोजले तरी अलाइनमेंट टळत नाही. चिपळूण किंवा रत्नागिरीला जाईपर्यंत जुगाड असा: दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, खडूने खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणा पुढे येतील, पुन्हा मोजा. मागचं माप पुढच्यापेक्षा शून्य ते २ मिलिमीटर जास्त असावं. त्या मापावर, चेक नट आवळून, ५० किलोमीटर सावकाश जाता येतं. मधे घाट असेल तर जवळचं दुकान शोधा.

अलाइनमेंटवाल्याला स्टेअरिंग मधोमध लॉक करून दोन्ही बाजू फिरवायला सांगा. एकच बाजू फिरवली तर टो बरोबर येतो, पण स्टेअरिंग वाकडं राहतं. गणपतीच्या आठवड्यात जाऊ नका, रांगच मोठी असते. निघताना चेक नट आवळलाय ना ते स्वतः पान्याने बघा. बऱ्याचदा तोच राहून जातो. गाडीला ईएसपी (घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर रीसेट करून घ्या.

पाचशे किलोमीटरनंतर एकदा नट आणि पिन बघा. नंतर दरवर्षी आगोटीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या) कामांत बूट तपासणं धरा. उघड्या आट्यांवर ग्रीसचा थर द्या, आणि फेरीतून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरचा झोत थेट बूटवर मारू नका, कडेतून पाणी आत शिरतं.