वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन क्लाससाठी नेमकं कुठलं अॅप घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शीजवळच्या गावात राहते, एम.कॉम. झालंय, अकरावी-बारावीच्या मुलांचा बुककीपिंगचा ऑनलाइन क्लास जूनपासून चालवतेय. ३८ मुलं आहेत, सगळी आजूबाजूच्या गावांतली. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ झूमवर शिकवते पण फ्री आहे म्हणून ४० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, मग परत लिंक पाठवायची, तेवढ्यात दहा-बारा मुलं गळतात ती परत येतच नाहीत. कॅमेरा तर कोणीच चालू करत नाही. आता पैसे भरून झूम घेऊ, का गूगल मीटवर जाऊ, का क्लासचं स्वतःचं अॅप बनवून घेऊ? एकाने ३० हजार सांगितलेत.

उत्तर : ते ३० हजार आत्ता अजिबात देऊ नका. आणि अॅप बदलायच्या आधी एक काम करा, ३८ जणांना एकेक फोन करा, मेसेज नको, फोनच. चारच गोष्टी विचारा : फोन तुझा स्वतःचा आहे का घरातला, संध्याकाळी सात वाजता तो तुझ्या हातात असतो का, रोजचा पॅक किती जीबीचा आहे, आणि घरात कुठे बसून ऐकतोस.

हे मी अनुभवावरून सांगतेय. एका अभ्यासकेंद्रावर शिकवत असताना माझ्या ऑनलाइन वर्गातली एक मुलगी दर शनिवारी गैरहजर असायची, मी मनातल्या मनात तिला आळशी ठरवून मोकळी झाले होते. दोन महिन्यांनी कळलं की घरात एकच स्मार्टफोन, तो भाऊ कामावर घेऊन जायचा आणि रात्री नऊला परत यायचा. मुलगी नऊनंतर जागी राहून मैत्रिणीच्या वहीचे फोटो बघून सगळं उतरवून काढायची. तिला अडचण अॅपची नव्हतीच, वेळेची होती, आणि मी ते विचारलंच नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं.

आता डेटाचा हिशोब बघा, तुम्ही कॉमर्सच्या आहात, लगेच लक्षात येईल. व्हिडिओ १ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चालला तर तासाला साधारण ४५० एमबी जातात, म्हणजे तुमच्या दीड तासात पावणेसातशे. पॅक दिवसाला दीड जीबीचा, घरात दुसरं भावंड शिकतंय, दिवसभरात कोणीतरी रील्स बघितलेले, संध्याकाळी उरणार काय? कॅमेरा बंद ठेवणं हा बऱ्याचदा काटकसरीचा मार्ग असतो, आणि कधीकधी मागे एकच खोली असते, आई स्वयंपाक करत असते, ते वर्गाला दिसू नये असं मुलाला वाटतं. त्यामुळे कॅमेऱ्याची सक्ती करू नका.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. शिकवण्याचा भाग लाइव्ह ठेवलाच नसता. रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक हे हिशोबाचे टप्पे मुलाला थांबून, मागे जाऊन, परत बघावे लागतात, एकदा डेबिट-क्रेडिट चुकलं की पुढचं सगळं चुकतं आणि लाइव्हमध्ये मागे जाता येत नाही. फोन पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवा ठेवा, खाली वही, आणि एक उदाहरण सोडवताना आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ करा. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवा म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसतो, आणि ज्याचा पॅक कमी तो क्वालिटी कमी करून बघेल, ज्याचा फोन रात्री मिळतो तो रात्री बघेल. मात्र आकडे मोठे आणि जाड पेनने काढा, नाहीतर कमी क्वालिटीत ३ आणि ८ सारखेच दिसतात.

वह्या तपासायला गूगल क्लासरूम. साध्या जीमेलवर फुकट चालतं, मुलं वहीचा फोटो टाकतात, तुम्ही तिथेच शेरा लिहिता, कोणी दिलं कोणी नाही ते एका नजरेत दिसतं. व्हॉट्सअॅपवर हे करायला गेलात तर ३८ फोटो गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली गाडले जातील.

लाइव्ह ठेवायचंच, पण आठवड्यातून दोनदा आणि फक्त शंकांसाठी. त्याला झूमची ४० मिनिटं पुरतात. मीट फ्रीमध्ये ६० मिनिटं देतं, दोन्हीकडे १०० जणांपर्यंत चालतं, त्यामुळे ज्यांच्या फोनवर जे आधीच आहे ते ठेवा. पैसे भरून वेळ वाढवाल, पण मुलांचा डेटा त्याने वाढत नाही. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही अशी दोन-तीन मुलं निघाली तर त्यांना साधा कॉन्फरन्स कॉल लावा, पुस्तकाचं पान सांगून शिकवता येतं.

दूरशिक्षणातले अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ साली, म्हणजे नाशिकला आपलं मुक्त विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, संवादाचे तीन प्रकार मांडले होते : विद्यार्थ्याचा अभ्यासाशी, विद्यार्थ्याचा शिक्षकाशी आणि विद्यार्थ्यांचा आपापसात. मला ते आजही फार उपयोगी वाटतं. पहिल्याला तुमचा व्हिडिओ झाला, दुसऱ्याला क्लासरूम आणि शंकांचा तास. तिसरा मात्र तुमच्याकडे कुठेच दिसत नाहीये. चार-चार मुलांचे गट करा, एकमेकांचं तेरीजपत्रक तपासू द्या, त्यांना हवं त्या अॅपवर, तुम्ही त्यात नसलात तरी चालेल.

प्रश्न : आमच्या कोर्सचा १२० जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यातून नंबर घेऊन कोणीतरी दोन मुलींना रात्री मेसेज करतंय. ग्रुप बंद केला तर सूचना कशा द्यायच्या? – एक शिक्षक, जळगाव

उत्तर : सर, आधी त्या मुलींकडे लक्ष द्या, ग्रुपचं नंतर. मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवायला सांगा, मग ब्लॉक, घरी माहिती, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. मुलींनाच ग्रुप सोडायला लावणं हा उपाय नाही.

मग सूचनांसाठी व्हॉट्सअॅप कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधायची सोय, ती वापरा. तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अॅडमिनचे दिसतात. पण कम्युनिटीच्या आत वेगळे छोटे ग्रुप काढलेत की तिथे नंबर परत उघडे पडतात, हे विसरू नका. नुसत्या एकतर्फी सूचना असतील तर चॅनेलही चालेल. आणि मुलं १८ च्या खालची असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्याच, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, पण कायदा नसता तरी विचारायला हवं होतं असं माझं मत आहे.

प्रश्न : माझ्या ऑनलाइन वर्गात एक विद्यार्थी आहे त्याला दिसत नाही. फोन बोलतो म्हणतो पण माझ्या नोट्स त्याला वाचता येत नाहीत. त्याच्यासाठी खास अॅप असतं का? – शिक्षिका, सांगली

उत्तर : खास अॅप लागणार नाही, त्याच्याकडे जे आहे ते पुरेसं आहे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं आणि मराठीही वाचतं. कॉम्प्युटर असेल तर तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट मिळतं. अडचण बहुतेक तुमच्या फाइलमध्ये आहे.

नोट्स म्हणजे फळ्याचा किंवा वहीचा फोटो असेल तर टॉकबॅकला त्यात अक्षरं सहसा नीट सापडत नाहीत, तो बऱ्याचदा फक्त ‘इमेज’ म्हणून पुढे जातो. आणि दुसरी गोष्ट जी आपल्याकडे फार जणांच्या लक्षात येत नाही : नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तर आपल्याला डोळ्यांना छान मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे त्या मुलाला नुसता अर्थहीन आवाज ऐकू येतो. युनिकोडमध्ये टाइप करा, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं, गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप होतं, नंतर चुका तेवढ्या काढा. छापील जुन्या नोट्सचे फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्सने उघडले तर अक्षरं बरीचशी ओळखली जातात, हाताने लिहिलेलं मात्र नीट जमत नाही.

शिकवताना ‘हे इथे बघा’ असं म्हणू नका, काय आहे ते बोला. आणि तास चालू असताना बाकीच्यांना चॅटमध्ये सतत टाइप करू देऊ नका, कारण प्रत्येक मेसेज त्याच्या कानात वाचला जातो आणि तुमचा आवाज त्याखाली दबतो. हे सगळं केल्यावर त्यालाच विचारा अजून काय अडतंय, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, इथल्या मराठी शाळेत सात ते नऊ वर्षांची ११ मुलं आहेत. पुण्याच्या एक बाई शनिवारी सकाळी दहाला मीटवर शिकवतात. मुलं फक्त ‘हो’ म्हणतात आणि गप्प बसतात. बाईंची वेळही मध्येच चुकते. काय करावं?

उत्तर : तुमच्यासाठी माझं उत्तर बार्शीच्या ताईंच्या अगदी उलट आहे. तुमच्याकडे नेट भरपूर आहे, कमी आहे ते मराठी कानावर पडणं, म्हणून लाइव्ह हवं आणि कॅमेराही चालू हवा. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे जाते ते बाईंच्या तोंडाकडे बघूनच कळतं, बाळ, कमळ, पोळी हे रेकॉर्डिंग ऐकून येत नाही.

तुम्ही झूमवर या. मीटच्या फ्री खात्यात ब्रेकआउट रूम, म्हणजे वर्गाचे छोटे गट वेगळ्या खोल्यांत सोडायची सोय, मिळत नाहीत, झूमच्या फ्रीमध्ये मिळतात. अकरा मुलांसमोर एकटं बोलायला मूल लाजतं, तीन-तीनच्या खोलीत सोडलं की बोलायला लागतं, प्रत्येक खोलीत एक पालक बसवा आणि त्या पालकाने इंग्रजीत मदत करायची नाही. ४० मिनिटं या वयाला भरपूर झाली. मधल्या आठवड्यात आईबाबांच्या फोनवरून एक मिनिटाची व्हॉइस नोट, आजीला आज काय जेवलो ते सांगायचं, बस.

वेळेचं असं आहे की तुमच्याकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलतं, पुण्यात नाही. उन्हाळ्यात तुमचे सकाळचे दहा म्हणजे बाईंचे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. तासाचं आमंत्रण गूगल कॅलेंडरवर न्यू जर्सीच्या टाइम झोनमध्ये दर आठवड्याला रिपीट लावून बाईंना पाठवा, त्यांच्या फोनवर पुण्याची वेळ आपोआप बदलेल. आणि हिवाळ्यात साडेआठला त्यांच्या जेवणाची वेळ होते, तेव्हा चार महिने तास सकाळी नऊला घ्यायचा का, ते त्यांना एकदा विचारून घ्या.