बिबट्याच्या भागात रात्री शेतात जाताना रिव्हॉल्व्हरवर भरवसा ठेवता येतो का?

तुमचं शेत यावल अभयारण्याला लागून आहे, बिबट्या दिसतो, रात्री पाणी भरायला जावं लागतं, तर कमरेला .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर असलं की निर्धास्त राहता येईल का, असं विचारलंय. माझ्याकडे ते अकरा वर्षांपासून आहे. मी काही निर्धास्त नाही.

आमचं शेत चाळीसगाव तालुक्यात, गिरणाकाठी. २०१७ साली आमच्या भागात बिबट्याने माणसं मारली तेव्हा कापूस वेचायला कोणी येईना. अखेर डिसेंबरात वनखात्याच्या परवानगीने त्याला गोळी घातली. ते सगळे दिवस मी रिव्हॉल्व्हर उशाशी घेऊन झोपायचो. झोप तरीही लागत नव्हती, हा भाग वेगळा.

खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली. गव्हाला पाणी, रात्री दोनची लाइट. मी आणि सालदार बांधावरून चाललो होतो, माझ्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. उसातून डुक्कर निघालं ते थेट आमच्या अंगावर. फावडं टाकलं, स्वेटर वर केला, म्यानाचं बटण उघडलं, हत्यार बाहेर काढलं, तोवर डुक्कर आमच्या दोघांमधून पार निघून गेलं होतं. आणि नळी कुठे होती? सालदाराच्या छातीवर. तो शांतपणे म्हणाला, "डुक्कर गयं, दादा. आते ते खिसामा ठेव." त्या रात्री मी पुढे काही बोललो नाही.

डुक्कर निदान समोरून येतं. बिबट्या मागून येतो, बहुतेक वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर, आणि मान धरतो. दहा मीटर तो क्षणात येतो. .३२ची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची आणि संथ. अलास्कात अस्वलांसाठी लोक .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाळगतात, तिची गोळी दुपटीहून जड आणि कितीतरी वेगवान. तिथल्या अस्वलांच्या घटनांवर २०१२ साली अभ्यास आला. त्यात हँडगन (पिस्तूल-रिव्हॉल्व्हर) चालवलेल्या प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांत अस्वल आवरलं, पण बंदूक चालवणारे आणि जवळ असूनही न चालवणारे यांच्या दुखापतींत फरक सापडला नाही. आणि ती माणसं सराव करतात. आपल्याला काडतुसं लायसनवर लिहिलेली तेवढीच, तीही महाग. अकरा वर्षांत मी झाडलेल्या गोळ्या बोटांवर मोजता येतील. नुसता जखमी केलेला बिबट्या उसात शिरला तर सकाळी त्याच उसात तुमची माणसं जाणार, हेही बघा.

कायद्याचं थोडक्यात. १९७२च्या वन्यजीव कायद्यात जीव वाचवायला प्राणी मारणं गुन्हा नाही, पण चौकशी होतेच, आणि मेलेला प्राणी सरकारचा. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय हत्यार नेताच येत नाही. तुमची हद्द बांधालाच लागून आहे, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

मी आता काय करतो? एकटा जात नाही. कपाळाला बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मोबाइलवर गाणी मोठ्याने, अहिराणी असली तर सालदारही खूश. बारं द्यायला बसावं लागलं तर दुसरा उभा राहून पाठीमागे बघतो. कोंबड्या, कुत्री रात्री बंद खोलीत. रिव्हॉल्व्हर घरातच कपाटात असतं.

एवढं वाचूनही अर्ज करायचाच असेल तर बारा बोरचा करा. संरक्षणासाठी लांब नळीच्या त्या बंदुकीचं लायसन कायद्यात स्पष्ट धरलंय, आणि तिच्या नुसत्या आवाजानेही जनावर बहुधा लांब पळतं. फक्त एक धरून चाला, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगू शकतात. २०२४ला माझं रिव्हॉल्व्हर दोनदा गेलं, लोकसभेला आणि विधानसभेला. दुसऱ्या वेळी नोव्हेंबर होता, गव्हाची पेरणी चालू होती.