बागेतल्या ‘ख्रिसमस ट्री’चा अखंड शंकू खाली का सापडत नाही?

आपण विचारले आहे की, रत्नागिरीतील एका जुन्या बंगल्याच्या बागेतील उंच ‘ख्रिसमस ट्री’खाली नुसते पंखासारखे खवलेच का पडतात आणि त्यांतून रोप होईल का. वर्णनावरून हे झाड अरौकारिया या सूचिपर्णी वृक्षांच्या गटातले, बहुधा कूक पाइन असावे. त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेट असून, ज्याच्यावरून हे नाव पडले तो दर्यावर्दी कॅप्टन कूक तेथे १७७४ साली पोहोचला होता.

या झाडाचे मादी शंकू, म्हणजे बी धरणारी खवल्यांची बोंडे, शेंड्याकडील फांद्यांवर धरतात आणि पक्व झाल्यावर चीडच्या शंकूसारखे अखंड न गळता झाडावरच विस्कटतात. त्यामुळे आपल्याला मिळतो तो एकेक खवला, आणि त्या प्रत्येकात एकच बी अशी चिकटून असते की ती सोलून काढताच येत नाही. खवला मधोमध नखाने दाबून पाहावा. चटकन चेपला तर तो पोकळ समजावा, आणि एकटे झाड असेल तर असे पोकळ खवले पुष्कळ निघतात. भरीव खवले साठवून ठेवू नयेत, कारण या बीची रुजण्याची शक्ती लवकर जाते. ताजेच असताना वाळूमिश्रित मातीत, पाणी न साचेल अशा कुंडीत लावावेत. आडव्या फांदीचे कलम मात्र कृपया करू नये, कारण ते आडवेच वाढत राहते.

किनाऱ्यावरच्या सुरूची काटेरी बोंडे शंकूसारखी दिसतात खरी, परंतु सुरू हा सपुष्प वृक्ष आहे आणि ती त्याची फळे आहेत.