रेडिस (डेटा रॅममध्ये ठेवणारं स्टोअर) डेटाबेसपेक्षा किती पट वेगवान? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ३० लाख ओळी आहेत, पान उघडायला दोन सेकंद लागतात, रेडिस लावू का?

'किती पट' वाचलं की माझं डोकं फिरतं. याच 'किती पट'पायी २०१९ साली माझं अप्रेझल बुडालं.

तेव्हा मी पुण्यात शेतमालाचे बाजारभाव दाखवणाऱ्या एका ॲपवर काम करत होतो. नाव नको. ४० लाख ओळींचं टेबल: बाजार समिती, शेतमाल, तारीख, किमान-कमाल-सर्वसाधारण दर. एका क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाला, ९०० मिलिसेकंद लागायचे. आमचे आर्किटेक्ट सर कुठूनसा एक बार चार्ट घेऊन आले: रेडिस शंभर पट फास्ट. मी म्हटलं, सर, आधी एक्सप्लेन अनालाइझ (क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी कमांड) तरी चालवून बघू. तर म्हणे, "तू फार जुन्या वळणाचा आहेस." मी एकोणतीस वर्षांचा होतो.

रेडिस लागलं. ९०० चा १ झाला. ऑफिसात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

रेडिसमध्ये ठेवलेल्या तयार उत्तरांची, म्हणजे कॅशची, मुदत होती पाच मिनिटं. ती संपली की त्या क्षणी आलेल्या सगळ्यांना कॅश रिकामा, आणि दीडशे जण तीच एक क्वेरी घेऊन पोस्टग्रेसच्या दारात. ऐन लिलावाच्या वेळी पान दहा-दहा सेकंद लटकायचं. सरांचा उपाय काय, तर मुदत सहा तास करा. केली.

मग निफाडकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. ॲपवर कांदा १६०० रुपये क्विंटल बघून त्यांनी ट्रॅक्टर भरला, तो सकाळच्या सत्राचा भाव होता. पोचले तेव्हा ११५० चालू होता. नवा दर आमच्या डेटाबेसात येऊन तास उलटला होता, पण कॅशला ते कुणी सांगणार? फोन मीच घेतला. शिव्या नाही दिल्या त्यांनी. "भाव कधीचा आहे ते तरी खाली लिहीत जा ना भाऊ," एवढंच म्हणाले. सहा तासांची मुदत टाकणारी कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) माझ्याच नावावर होती.

त्या रात्री कुणाला न विचारता एक्सप्लेन अनालाइझ चालवलं. अख्ख्या टेबलावर सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे एकेक ओळ वाचत जाणं. इंडेक्स, म्हणजे ओळी चटकन शोधून देणारी सूची, फक्त आयडीवर! समिती, शेतमाल, तारीख असा तिन्ही कॉलमांचा एक इंडेक्स टाकला, लिहिणं अडू नये म्हणून 'कनकरंटली' पर्याय लावून. ९०० चे २ मिलिसेकंद झाले. रेडिस १, पोस्टग्रेस २. ही तुमची 'पट'.

आणि त्या एकातलाही बराचसा वेळ नेटवर्कचा. रेडिसचा साधा गेट (एक नोंद वाचणं) आत काही मायक्रोसेकंदांत उरकतो, बाकी जाण्या-येण्याचा खर्च, तो पोस्टग्रेसलाही तेवढाच. रॅमचा ॲक्सेस साधारण १०० नॅनोसेकंद, एसएसडीवरून वाचायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे हजार पट, हे खरं. पण डेटाबेस म्हणजे डिस्क हे कुणी सांगितलं? वारंवार लागणारा डेटा पोस्टग्रेसही रॅममध्येच ठेवतो. शेअर्ड बफर्स (त्यासाठी राखलेली रॅम) मुळात १२८ एमबी असतात, लोक ते तसेच ठेवतात आणि पोस्टग्रेस स्लो म्हणून बोंबलतात. स्वतंत्र सर्व्हर असेल तर रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा.

रेडिस वाईट नाही हं. सेशन, ओटीपी, रेट लिमिट (एकाने किती रिक्वेस्ट कराव्यात याची मर्यादा) यांसाठी मी आज तेच वापरतो. सेकंदाला हजारो रिक्वेस्ट असतील, तर पोस्टग्रेसला दर कनेक्शनमागे एक प्रोसेस लागते, तिथे रेडिसचा खरा फायदा दिसतो. तुमची क्वेरी दहा वर्षांची बेरीज करत असेल तर इंडेक्सही फारसा कामी येणार नाही, तेव्हा कॅश किंवा मटेरियलाइझ्ड व्ह्यू (आधीच काढून साठवलेला निकाल) बघा. हे आधी सांगायला हवं होतं.

अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं होतं: नव्या तंत्रज्ञानाला विरोध. क्लायंटला गेलेल्या मेलमध्ये वेग रेडिसमुळे वाढल्याचं होतं.

तुमच्या क्वेरीचं एक्सप्लेन अनालाइझ इथे टाका, बघतो. आणि तुमच्याकडेही कुणी बार चार्ट घेऊन आलं असेल तर एवढंच विचारा, चार्टमधल्या त्या डेटाबेसावर इंडेक्स होता का? मी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. सरांनी पुढची स्लाइड लावली.