‘कशातच टिकत नाही’: नववीतला मुलगा आणि मंडळाची सायकल

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तासगाव तालुक्यातल्या एका गावची आई. तक्रार नेहमीचीच: मुलगा कशातच टिकत नाही. तबला दोन महिने, कराटे एक महिना. आता गावातल्या तरुण मंडळाने रविवारी सायकल दुरुस्तीचा वर्ग सुरू केला, तर तिथूनही तिसऱ्या आठवड्याला घरी बसला. वडिलांचं म्हणणं वेगळं. “बरंच झालं की. पंक्चरवाला करायचाय व्हय त्याला?”

मुलाला ‘का सोडलंस?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं, ‘कंटाळा आला.’ तिथेच थांबलं तर आळशीपणाचा शिक्का बसतो. म्हणून त्याला शेवटच्या रविवारी हाताने काय काय केलं, ते क्रमाने सांगायला लावलं. सायकल कुणाची, चाक कसं काढलं, शेजारी कोण होतं. दहा मिनिटांत गाठ सापडली. त्याने एका दादाच्या सायकलचं पंक्चर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकातली हवा पुन्हा गेली होती आणि दुपारी चार पोरांसमोर त्याची टिंगल झाली.

काढलेल्या पंक्चरमधून पुन्हा हवा जाण्याची दोन कारणं नेहमीची असतात आणि इथे दोन्ही घडली होती. सोल्यूशन, म्हणजे पॅच चिकटवायचा द्रव, लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबावं लागतं. ओल्यावरच पॅच दाबला तर आतला द्रव उडून जायला वाट मिळत नाही आणि पॅचची कड सुटते. मागे तिघे खोळंबलेले, दादा म्हणतोय ‘आटप लवकर’, मग याने आटपलं. दुसरं, बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला होता. व्हॉल्व्हपासून छिद्रापर्यंतचं अंतर मोजून तेवढ्याच अंतरावर टायर आतून तपासला की काटा सापडतो. मात्र बोट नाही, फडकं फिरवायचं. हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणजे मुलगा टिकला नाही हे खरं, पण चारचौघांत पहिली चूक झाली, तिथे तो निघून आला. तबल्याचं विचारलं तर तिथेही तेच निघालं. अशा वेळी ‘जिद्द धर’ हा सल्ला अगदी निरुपयोगी. काम लहान करावं लागतं.

मंडळाच्या दादाशी, मुलाच्या संमतीने, बोलणं झालं. पुढचे दोन रविवार कुणाचीही सायकल द्यायची नाही, फक्त भंगारातली ट्यूब. तिला खिळ्याने तीन छिद्रं पाडायची, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा, घड्याळ लावून थांबायचं, मग पॅच दाबायचा. हवा भरून बादलीत बुडवायची. बुडबुडे आले की चुकलं, नाही आले की जमलं. निकाल पाणी देतं, माणूस देत नाही, म्हणून त्यात अपमान वाटत नाही. एका दादाकडे पाचच मुलं. आणि सगळ्यात अवघड अट दादासाठी: मुलाच्या हातातला पाना काढून घ्यायचा नाही. फार तर विचारायचं, “हवा कुठनं जातीय?”

दादाला हे जमायला दोन आठवडे लागले. घरी मात्र जमलं नाही. वडिलांनी एकदा “असं नसतं रे” म्हणत स्क्रूड्रायव्हरने टायर चढवला, ट्यूब चिमटून नवीन छिद्र पडलं. टायरचा शेवटचा भाग अंगठ्यांनीच ढकलायचा असतो, आणि ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून ठेवली की ती पिळवटत नाही. ते छिद्र मुलाने बुजवलं. तोंडभर हसला, असं आईनेच सांगितलं.

वडिलांच्या ‘पंक्चरवाला’ या शब्दाला उत्तर द्यायला लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. त्यांच्या कारखान्याची वसाहत, याच सांगली जिल्ह्यातली पलूसजवळची किर्लोस्करवाडी, १९१० ची. म्हणून या मुलाने कारखानाच काढावा असं नाही. पण हाताच्या कामाला कमी लेखायची सवय या जिल्ह्याला तरी शोभत नाही.

दहावीच्या अभ्यासाची भीती असेल तर वेळ बांधून घ्यावी: रविवारी दीड तास, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. मार्क यामुळे वाढतील असं आश्वासन कुणी देऊ नये. या मुलाचे वाढले नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. मुलाने वर्गच नाही, तर मित्र, खेळ, जेवण, झोप असं सगळंच सोडलं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

पुढच्या दहा रविवारांपैकी आठ रविवार तो गेला. ब्रेक अजून नीट जुळवता येत नाहीत, डावा पॅड रिमला घासतो. त्यावरून चिडतो, पाना आपटतो आणि पुढच्या रविवारी परत जातो.