सेवा ओझं वाटू लागली तर ती सोडावी का?

तुम्ही विचारलंय, की बारा वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल आणि क्वायर दोन्ही सांभाळताय, पण आता रविवार उजाडला की नको वाटतं. नुसतं कर्तव्य म्हणून केलेली सेवा देवाला चालते का, की सोडून द्यावी?

मी नाशिकची. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या, मेजावरचं पांढरं कापड धुऊन, इस्त्री करून आणायचं काम वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. द्राक्षारसाचा डाग लगेच गार पाण्यात बुडवला नाही तर पक्का बसतो, म्हणून घरी आले की साडी बदलायच्या आधी मी बादली भरते. मधली तीन वर्षं अशी गेली, की कापड पिळताना मी मनात नावं घ्यायचे. कोण कधी कामाला हात लावत नाही, कोणाची सून उपासना सुटली की आधी पळते, मला साधं कोणी विचारतही नाही. वरून सगळे म्हणायचे, ताई किती करतात!

त्याच दिवसांत बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला थोरला मुलगा मला भेटला. बापाचा पैसा उधळून गेलेला धाकटा परत आला म्हणून घरात जेवणावळ चाललीय आणि हा अंगणात उभा राहून बापाला हिशेब ऐकवतो : इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी एक करडू तरी दिलंत का? तिथं मूळ ग्रीकमधला शब्द गुलामाच्या राबण्याचा आहे. पोटचा मुलगा, आणि बोलतो गड्यासारखा. बाप त्याला शेतावर जाऊ नकोस असं म्हणत नाही. जे माझं ते सगळं तुझंच आहे, म्हणतो, आणि आत चल म्हणून विनवतो. ते वाचून मी ओट्याला टेकून रडले. मला कामानं थकवलं नव्हतं, हिशेबानं थकवलं होतं.

आमच्या नाशिकमधल्या शरणपूरची एक गोष्ट सांगते, कारण गुलाम म्हटलं की मला तीच आठवते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं इथं आसरा दिला, शिकवलं. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा तो सोबत होता. मालक गेला, तिथंच पुरून सगळे मोकळे होऊ शकले असते. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्यानं तसं सुचवलंही. पण लिव्हिंग्स्टनचे जुने सेवक सुसी आणि चुमा, तसंच जेकब आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही. नऊ महिने, सुमारे १,६०० किलोमीटर, त्यांनी तो देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. वाट सोपी नव्हती, वाटेत माणसं दगावलीसुद्धा. म्हणजे प्रीतीनं केलं की ओझं हलकं होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते जडच असतं. पण तिथं हुकूम करणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, रविवारी मन उडालेलं असूनही तुम्ही मुलांसमोर उभे राहता, ते देवाला नको असेल असं नाही. तान्ह्या बाळासाठी रात्री तिसऱ्यांदा उठणाऱ्या आईला तरी कुठं उमाळा आलेला असतो? मात्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्यानंतर हाती देतो. ज्यानं त्याला तीनदा नाकारलं होतं त्यालाच. तुमचं बहुधा हेच उलटं झालंय : मेंढरं बारा वर्षं हातात, आणि तो प्रश्न ऐकायला सवडच मिळाली नाही.

तेव्हा दोन्हीतलं एक काही महिने खाली ठेवा. मी असते तर क्वायर सोडला असता, मुलं नाही. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, आजाराचं निमित्त करू नका. रागावतील, रागावू देत. आणि त्या रविवारी मागच्या बाकावर बसा. गीताचा नंबर शोधायची घाई नाही, पेटीच्या पट्टीची काळजी नाही. इतरांसारखे रांगेत जाऊन गुडघे टेका आणि हात पुढे करून भाकर घ्या. मी वर्षभर कापड दुसऱ्या बाईंकडे दिलं होतं तेव्हा हेच केलं. पहिले तीन-चार रविवार माझी नजर कापडाच्या सुरकुत्यांवरच होती. मग एकदा नव्हती.

कापड आता परत माझ्याकडे आहे. नावं अजूनही कधीकधी ओठांवर येतात. आली की त्याच नावांसाठी प्रार्थना करते, कापड पिळून होईपर्यंत.