सेटलमेंटचा फोन आला म्हणून पैसे भरू नका (माझे 25 हजार असेच गेले)

तुमची पोस्ट काल रात्री जेवताना वाचली आणि भाकरी ताटात तशीच राहिली. चार कर्जं, पगार 26 हजार, पतसंस्थेला ऑफिसातला मित्र जामीन, आणि वर फायनान्सवाल्याचा फोन की “1 लाख 90 चे 80 हजार भरा, विषय संपवू, पण महिनाअखेरच्या आत”. तुम्ही विचारलंय, ही सेटलमेंट (कमी रकमेत तडजोड) घेऊ का? अहो मालक, गाव तेच सोलापूर, रकमेत थोडा फरक, फोनवरचं वाक्य तर शब्दाला शब्द तेच. म्हणून लिहायला बसलो. लांबेल, चहा घेऊन वाचा.

खर्च लिहून ठेवा, हॉटेल बंद करा वगैरे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते मी परत सांगत नाही. आणि आधीच सांगतो, मी सीए नाही, वकील नाही, युनिफॉर्म शिवणारा माणूस आहे. माझ्याबाबतीत जे घडलं ते सांगतो. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे आंधळेपणानं माझं ऐकू नका.

अशोक चौकाकडे घरामागच्या दोन खोल्यांत माझी 9 मशिनं होती. शाळेचे शर्ट, पिनाफोर. आमचा धंदा म्हणजे मार्च ते जून, बाकीचं वर्ष त्यावरच ढकलायचं. 2020 च्या मार्चमध्ये कापड येऊन पडलेलं, कटिंग झालेलं, आणि शाळा बंद. बाह्या लावायच्या राहिलेले 600 शर्ट दीड वर्ष गोणीत होते. खिशावर शाळेचा बिल्ला छापलेला, म्हणून दुसऱ्या कुणाला विकताही येईना. तेव्हा डोक्यावर होतं ते असं: फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन 3 लाख, पतसंस्थेचं 2 लाख, कापडवाल्याची उधारी 1 लाख 10 हजार, बायकोच्या गंठणावर 90 हजार, पाहुण्यांकडून हातउसने 85 हजार, क्रेडिट कार्डाचे 60 हजार. शेवटचा हप्ता 2025 च्या फेब्रुवारीत फिटला. पाच वर्षं.

मोरॅटोरियमचं (कोविडमध्ये हप्ते थांबवायची सवलत होती ती) एका वाक्यात सांगतो, कारण तुम्हीही ‘हप्ता दोन-तीन महिने थांबवता येतो का’ असं विचारलंय. मार्च ते ऑगस्ट 2020 मी सहाही महिने हप्ता थांबवला आणि खुश होतो. हप्ता थांबला होता, व्याज नाही.

कार्डाचंही तसंच. 60 हजारांवर मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम, 3 हजार येत होता आणि मी तो इमानदारीत भरत होतो. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. म्हणजे 3 हजारांतले 522 रुपये मुद्दलात. एवढा हिशोब मी कधी केलाच नव्हता, नववीतल्या मुलीनं करून दाखवला.

आता मुद्द्याचं.

2022 चा मार्च. पर्सनल लोन 2 लाख 14 हजारांवर थांबलेलं, सात-आठ हप्ते थकलेले. एक मुलगा रोज फोन करायचा, गोड बोलायचा, “अण्णा” म्हणायचा. एक दिवस म्हणाला, मार्च एन्ड आहे, 95 हजारांत सेटल करून देतो, 31 च्या आत. 70 हजार लिंकवरून लोन खात्यात भरा, 25 हजार माझ्याकडे रोख द्या, वरच्यावर जमा करून पावती आणून देतो. पत्राचं विचारलं तर म्हणाला, “पेमेंट झालं की सिस्टीममधून आपोआप जनरेट होतं.” हे वाक्य लिहून ठेवा. तुम्हालाही तो हेच म्हणेल, किंवा म्हणून झाला असेल.

काजा-बटणाचं मशीन आणि दोन ओव्हरलॉक विकले. 70 हजार लिंकवरून गेले. 25 हजार त्याला सात रस्त्याजवळ टपरीवर दिले, त्यानं मोजूनसुद्धा घेतले नाहीत, शर्टाच्या आत सारले. त्या रात्री आम्ही घरात शिरा केला होता.

एप्रिलमध्ये फोन बंद. मे महिन्यात दुसऱ्याच एका मुलाचा फोन, अण्णा वगैरे काही नाही, थेट “1 लाख 78 हजार बाकी आहे”. मी शाखेत गेलो. पहिल्या मजल्यावर ऑफिस, आत एसी, बाहेर जिन्यात बाकडं, आणि सोलापूरचा मे. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे न वळवताच सांगितलं, “सर, 70 हजार पार्ट पेमेंट दिसतंय.” पार्ट पेमेंट, म्हणजे कर्जातला नुसता काही भाग भरला, हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सेटलमेंटची नोंदच नव्हती. जे भरलं त्यातलं बरंचसं दंड आणि थकलेल्या व्याजात वळतं झालेलं. मॅनेजर म्हणाले हे कलेक्शनचं आहे, कलेक्शन पुण्याला आहे. पुण्याला फोन लावला तर तिथला म्हणाला, होम ब्रांचला जा. त्या मुलाचं नाव सांगितलं तर “ती एजन्सी आता आमच्याकडे नाही”. एकूण 11 चकरा झाल्या. आकडा पक्का आहे, कारण दर वेळी रिक्षाचे 40 वहीत लिहायचो. आठव्या चकरेला वॉचमननं जिन्याखालीच अडवलं, “आज साहेब रजेवर आहेत, उगं चढू नका.” त्या अख्ख्या ऑफिसात माझ्या उपयोगी पडलेला तो एकच माणूस.

सुटलो कसा? तोंडी बोलणं बंद केलं तेव्हा सुटलो. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला, 70 हजारांचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि त्या मुलाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडले. 30 दिवस उत्तर नाही आलं, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँक-फायनान्सविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार टाकली. फी नाही, वकील लागत नाही, 14448 वर माहिती मिळते. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, नाहीतर तिथून परत पाठवतात. त्यानंतर मात्र कंपनीचा स्वतःहून फोन आला. लेटरहेडवर पत्र दिलं, आणखी 52 हजारांत सेटल झालं. 25 हजार रोख दिल्याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता, ते गेले. 95 हजारांचं काम मला 1 लाख 47 हजारांना पडलं. 11 चकरांचे 440 वेगळे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही नाही. पत्र म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीच्याच ईमेलवरून आलेलं. त्यात तुमचा लोन खाते क्रमांक, सेटलमेंटची रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि ही रक्कम भरल्यावर बाकी मागणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. तारीख एका दिवसानं चुकली तरी सेटलमेंट मोडली म्हणतात. पैसे स्वतःच्या बँक खात्यातून थेट लोन खात्यात. एजंटच्या फोनपेवर नाही, रोख तर नाहीच नाही. आणि ‘ऑफर आजच संपते’ यावर माझं स्पष्ट मत: जी ऑफर मार्चमध्ये संपते ती जूनमध्ये परत येते. मला आलीच की.

तरी सेटलमेंट घ्याच असंही मी म्हणत नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. 2024 ला मुलीच्या शिक्षणकर्जासाठी बँकेत गेलो. सगळं फिटत आलेलं, छाती काढून बसलो होतो. साहेबांनी सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीच्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्ट) उघडला आणि या वेळी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या लोनसमोर ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लिहिलेलं. म्हणजे याने कर्ज फेडलं नाही, तडजोड केली. अर्ज तिथंच थांबला. शेवटी बायको सहकर्जदार झाली, तिच्या नावावर कधी कर्जच नव्हतं, ते त्या दिवशी कामाला आलं. तुमचा पगार चालू आहे. माझं मत विचाराल तर आधी कंपनीला लेखी मागा की मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. नाहीच म्हणाले आणि खरंच पोटाला पडत नसेल तरच सेटलमेंट. तसं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, मी स्वतःच केलंय.

आता तुमच्या पोस्टमधल्या ज्या ओळीवर कुणीच बोललं नाही ती. पतसंस्थेला मित्र जामीन आहे. तुम्ही ते कर्ज यादीत सगळ्यात खाली लिहिलंय, कारण त्यांचा तगादा कमी आहे. तिथं तगादा कमीच असतो, थेट कागद निघतो. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळाला की पगारावर जप्ती येते, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कर्जदाराला धरा मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. माझा जामीनदार बालमित्र, शाळेत क्लार्क. त्याला नोटीस आली तेव्हा तो घरी आला, चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि निघताना नोटिसीची घडी कपबशीखाली ठेवून गेला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गणितवाले सांगतील, सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडा, म्हणजे कार्ड. गणित बरोबर आहे. मी मात्र आधी पतसंस्थेचा थकलेला भाग भरून तो हप्ता नियमित केला, मग पाहुण्यांचे हातउसने, मग कार्ड. त्यात माझं व्याज जास्त गेलं, मान्य. पण दाजींच्या घरच्या बारशाला मान वर करून जेवलो, त्याचा हिशोब त्या गणितात नसतो. तुमचं तुम्ही ठरवा.

सोन्याबद्दल. घरात असेल तर गहाण ठेवू नका, विका. बायकोशी बोलून, तिच्या संमतीनं, पण विका. मी गंठण तीन वर्षं ‘सोडवायचं’ म्हणून नुसतं व्याज भरून रिन्यू करत राहिलो आणि शेवटी विकलंच. (ज्यांनी गहाण ठेवून सोडवलंय त्यांनी रागावू नका, तुमची शिस्त माझ्यात नव्हती.)

आणि ते “ओळखीचा माणूस 12 टक्के फ्लॅटनं एकच मोठं लोन देतो, त्यात सगळी बंद करतो” असं तुम्ही लिहिलंय, त्यावर कृपा करून आज सही करू नका. 1 लाखाला तीन वर्षांत 36 हजार व्याज, हप्ता 3,778. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो, कारण मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू. बँक असो की फायनान्स कंपनी, 1 ऑक्टोबर 2024 पासून नवीन किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावंच लागतं, त्यात एपीआर, म्हणजे सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो. तेवढाच आकडा बघायचा. कागद देत नसेल तर तो ओळखीचा नाही. आणि बिनपरवाना सावकार निघाला तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

फुटकळ दोन-तीन गोष्टी. बँक-फायनान्सच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. रात्री फोन आला तर भांडू नका, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, तक्रारीला तोच उपयोगी पडतो. पतसंस्थेची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही, ती निबंधकाकडे. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, कुणा एजंटला त्याचे 500 देऊ नका. आणि कर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काहीच बाकी नाही असा) त्याच आठवड्यात मागा. घरावर बोजा चढवलेला असेल तर तो उताऱ्यावरून उतरला का ते स्वतः बघा. माझा दाखला मिळायला दोन महिने लागले, शिक्का मारणारी व्यक्ती लग्नाला गावी गेली होती म्हणे. असो, त्यावर लिहायला लागलो तर सकाळ होईल.

उद्या तो फोन येईल तेव्हा एवढंच म्हणा, “ईमेलवर पत्र पाठवा, मग बोलू.” तो चिडेल, नाहीतर फोन ठेवेल. पत्र आलंच तर खाते क्रमांक, नाव-पत्ता झाकून इथे टाका, मी ओळीन् ओळ वाचून सांगतो. रविवारी टाकू नका, त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी आहे.